विष्णू माधव घाटगे : सांध्यांवर तोललेले विमान

बंगळूरच्या धावपट्टीवरून ५ ऑगस्ट १९५१ रोजी एका लहानशा विमानाने उड्डाण केले. दोन आसने एकामागे एक, पंख खाली, शेपटीखाली छोटे चाक आणि नाकावर साधे पिस्टन इंजिन. जगात त्या वेळी जेट विमानांचे युग सुरू झाले होते. त्यामुळे परदेशी जाणकाराने या विमानाकडे वळून पाहिले नसते तरी नवल नव्हते. कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी चालविलेले ते विमान म्हणजे एचटी-२. भारतात आरेखित होऊन भारतातच कारखान्यात संख्येने तयार झालेले हे पहिले विमान. त्याचे आरेखन करणाऱ्या चमूचे प्रमुख कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसरातल्या हसूरचंपू या खेड्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे होते.

महाराष्ट्रात विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हटकून घेतले जाते. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडविल्याची कथा अभिमानाने सांगितली जाते. मात्र त्या उड्डाणाचा खात्रीचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. याच प्रवाहातील ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या विमानविद्या विभागाशी हे अभ्यासक संबंधित होते, त्या विभागाच्या पहिल्या अध्यापकांमध्ये घाटगे होते. न उडालेल्या विमानाची आठवण घरोघर जपली जाते आणि हवाई दलाच्या वैमानिकांच्या काही पिढ्यांना पहिले धडे देणाऱ्या विमानाचा कर्ता मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो, ही वस्तुस्थिती फारशी भूषणावह नाही.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. मुंबई विद्यापीठातील शिक्षण पुरे करून ते जर्मनीत गॉटिंगेनला गेले. त्या काळी हवेच्या प्रवाहाचे गणित शिकू इच्छिणाऱ्याला गॉटिंगेनसारखे दुसरे ठिकाण नव्हते, कारण तेथे लुडविग प्रांटल होते. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला चिकटून सरकणारा अतिशय पातळ थर विमानाच्या भवितव्याचा निर्णय करतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले होते. आधुनिक वायुगतिकी त्या एका कल्पनेवर उभी राहिली. थिओडोर फॉन कारमान हे त्यांचे जगप्रसिद्ध शिष्य. त्याच प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी संशोधन केले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गॉटिंगेनमध्ये घाटगे जे शिकले ते हवेचे शास्त्र होते. पंखावर किती भार येईल हे त्या शास्त्रातून कळते. पंख त्या भाराखाली तुटणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही. ती हमी आरेखनाच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यात, बोल्ट, रिव्हेट आणि सरसाच्या साहाय्याने द्यावी लागते. विमान मोडते तेव्हा बहुधा सलग पत्र्याच्या किंवा सलग लाकडाच्या मधोमध मोडत नाही. ते मोडते दोन भाग जेथे एकमेकांना जोडले आहेत त्या सांध्यापाशी, भोकाच्या कडेला, चिकटविलेल्या थरांच्या पोटात. घाटगे यांनी बंगळूरला घालविलेल्या तीन दशकांत या सांध्यांचे स्वरूप आरपार बदलले आणि तो बदल त्यांच्या कारखान्याच्या अंगणातच घडत होता.

तो कारखाना वालचंद हिराचंद यांचा. सोलापूरच्या या उद्योगपतीने म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी स्थापन केली. दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि वालचंदांना घाई होती. मायदेशी परतून काही काळ अध्यापन केलेले घाटगे या कंपनीत दाखल झाले. परदेशी विमानांची जुळणी हे कंपनीचे तातडीचे काम. मात्र पहिल्याच वर्षी एक स्वतंत्र आरेखन हाती घेण्यात आले. ते होते दहा आसनी ग्लायडरचे. १९४१ मध्ये ‘जी-१’ नावाचे हे ग्लायडर तयार झाले आणि उडालेही. त्याचे पुढे उत्पादन झाले नाही. पण इंजिनाविना, केवळ आकार आणि बांधणी यांच्या बळावर तरंगणारे यंत्र हा आरेखनकाराच्या शिक्षणाचा चांगला प्रारंभ असतो.

ग्लायडर ही त्या काळी प्रामुख्याने लाकडाची आणि प्लायवूडची कला होती. आज ज्यांना आपण तंतुप्रबलित संमिश्र पदार्थ म्हणतो, म्हणजे काचेचे वा कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेले पदार्थ, त्यांचे मूळ रूप निसर्गाने झाडाच्या खोडात केव्हाच सिद्ध केलेले आहे. लाकडात सेल्युलोजचे बळकट तंतू असतात आणि लिग्निन त्यांना एकत्र बांधून ठेवते. तंतूंच्या दिशेने ओढले तर लाकूड वजनाच्या मानाने विलक्षण मजबूत. तंतूंच्या आडव्या दिशेने ओढले तर पाचर मारताच उकलणारे. म्हणूनच लाकडात भोक पाडून बोल्ट घालणे हे नाजूक काम असते. बोल्ट भार घेऊ लागला की भोकाची कड चिरडते, भोक कडेच्या फार जवळ असेल तर तेवढा तुकडा तासून बाहेर निघतो, आणि भोकातून तंतूंच्या रेषेत भेग पळते.

हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा जुने आहे. बुलडाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम असो की गडहिंग्लजचा परिसर, जुन्या बैलगाडीचे लाकडी चाक निरखून पाहिले तर त्यात ते दिसते. चाकाच्या तुंब्याला आरे बसविण्यासाठी सभोवार खाचा पाडलेल्या असतात. खाचांनी तुंबा कमजोर होतो. खडकाळ वाटेवरचा प्रत्येक हिसका आऱ्यांतून त्याच खाचांवर येतो. म्हणून सुतार-लोहार मिळून तुंब्याला तापवलेली लोखंडी कडी चढवितात. लोखंड थंड होताना आवळते आणि लाकूड उकलू पाहते तेथेच त्याला बाहेरून दाबून धरते. सांध्याभोवती पदार्थाला जखडून ठेवले की सांधा अधिक भार पेलतो, या तत्त्वाचा अवलंब कार्बनच्या पंखात वॉशर आणि घट्ट पिळलेला बोल्ट यांच्या रूपाने आजही होतो.

विमानातल्या लाकडाला प्लायवूडने आणखी एक गुण दिला. पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटविले की भेग एका थरातून दुसऱ्या थरात सहज शिरत नाही. जेथे बोल्ट येणार तेथे प्लायवूडचे अधिक थर चढवायचे, आतील मऊ लाकूड काढून कठीण लाकडाचा ठोकळा बसवायचा, अशी रीत पडली. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे ‘मॉस्किटो’ हे प्रसिद्ध युद्धविमान याच रीतीने बनले होते. बाहेर-आत प्लायवूड, मध्ये हलके बाल्सा लाकूड, आणि जेथे काही जोडायचे तेथे बाल्साऐवजी घट्ट लाकूड.

याच मॉस्किटोने भारतात एक कटू धडा दिला. ब्रह्मदेश आघाडीसाठी भारतात आलेल्या या विमानांपैकी काही १९४४ च्या उत्तरार्धात हवेतच मोडली आणि नोव्हेंबरमध्ये सारी मॉस्किटो जमिनीवर उतरवून तपासणी करावी लागली. प्रारंभी दोष उष्ण व दमट हवेत टिकाव न धरणाऱ्या सरसाला दिला गेला. पंखाचे प्लायवूडचे आवरण आतील वाशाला नीट टेकलेच नव्हते, चिकटविलेल्या सांध्यात फटी राहिल्या होत्या, असे चौकशीतून पुढे आले. दुधातील प्रथिनापासून केलेल्या जुन्या सरसाची जागा संश्लेषित रेझिनने घेणे हा उपायाचा एक भाग. कारखान्यातली हातोटी सुधारणे हा दुसरा. हवामान बदलले की सांध्याची कसोटी बदलते. इंग्लंडात उत्तम ठरलेले विमान भारतात उत्तम ठरेलच असे नाही. भारतासाठी भारतात आरेखन व्हावे, या मागणीला यापेक्षा रोकडे कारण सापडणे कठीण.

त्याच वर्षी जर्मनीतही असाच प्रसंग घडला. मॉस्किटोला उत्तर म्हणून फॉक-वुल्फ कंपनीने लाकडी लढाऊ विमान तयार केले होते. त्यासाठी लागणारी चिकट फिल्म बनविणारा कारखाना बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. पर्यायी गोंद अधिक आम्लधर्मी निघाला आणि तो लाकूडच पोखरू लागला. विमानांना अपघात झाले, दोष गोंदावर आला आणि प्रकल्प गुंडाळण्यात आला. या विमानाचे आरेखनकार कुर्ट टांक. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. बारा वर्षांनी ते बंगळूरला घाटगे यांच्या कारखान्यात येणार होते.

युद्धकाळात बंगळूरचा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि तेथे मोडक्या विमानांच्या दुरुस्तीचे प्रचंड काम चालले. आरेखनाला त्यात वाव नव्हता. दुरुस्तीची हीच वर्षे मात्र भारतीय कामगारांना घडविणारी ठरली. तुटलेले विमान पाहिल्यावाचून विमान कोठे तुटते हे समजत नाही. डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. घाटगे यांनी तेथे शिकविले. स्वातंत्र्यानंतर या देशात विमान अभियंते म्हणून जे लोक पुढे आले, त्यांच्यातील पहिली पिढी या विभागातून निघाली. युद्ध संपले, विदेशी कामे संपली आणि कारखान्याला पोटासाठी रेल्वेचे डबे आणि बसचे सांगाडे बनवावे लागले, हाही या इतिहासाचा भाग आहे.

१९४८ मध्ये प्राथमिक प्रशिक्षणाच्या विमानाचे काम मंजूर झाले. वैमानिक तोवर टायगर मॉथ या ब्रिटिश विमानावर शिकत. दोन मजली पंख, तारांचे ताण, लाकडी व धातूच्या सांगाड्यावर ताणलेले कापड असे ते विमान होते. घाटगे यांच्या चमूने सरळ संपूर्ण धातूचे, एकपंखी विमान आरेखायचे ठरविले. शिकाऊ वैमानिकाचे विमान सोपे असते, हा समज खरा नाही. नवशिका ते आदळवितो, नको तेथे वळवितो, गिरकीत घालतो. आणि तरीही ते सुटे होता कामा नये. म्हणजे सर्वांत अनाडी हातांसाठी सर्वांत सहनशील सांधे हवेत.

ही सहनशीलता ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूने दिली. पत्र्यात गोल भोक पाडले की त्याच्या कडेला ताण सरासरीच्या तिप्पट होतो, हे गणित १८९८ पासून ज्ञात आहे. धातू या तिप्पट ताणापुढे चटकन हार मानत नाही. भोकाच्या कडेचा धातू किंचित लवतो, ताणतो आणि आपला जादा भार शेजारच्या भागावर सोपवितो. एका ओळीत दहा रिव्हेट असतील तर प्रारंभी टोकांच्या रिव्हेटांवर अधिक भार येतो. पण तेथील पत्रा लवताच मधले रिव्हेटही कामाला लागतात. कारागिराच्या हातून एखादे भोक किंचित वाकडे पडले तरी धातू ते सांभाळून घेतो. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशाच्या नव्या कारखान्यासाठी हा गुण अमोल होता.

या क्षमाशीलतेलाही मर्यादा असते, हे जगाला लवकरच कळले. ‘कॉमेट’ ही डी हॅविलँडची प्रवासी जेट विमाने १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रावर फुटली. कक्षातील हवेचा दाब प्रत्येक उड्डाणात वाढे आणि उतरे. त्या हेलकाव्यांनी उघाड्यांच्या कडेला, रिव्हेटच्या भोकांपाशी, बारीक चिरा वाढत गेल्या होत्या. सांध्याची एकदाच होणारी परीक्षा पुरेशी नाही, हजारो वेळा भार चढवून-उतरवून ती घ्यावी लागते, हा नियम त्यानंतर पक्का झाला.

एचटी-२ मात्र टिकले. भारतीय हवाई दलात आणि उड्डाण शाळांत ते तीन दशकांहून अधिक काळ वापरात राहिले. सुमारे १७० विमाने तयार झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या घानाने १९५९ मध्ये आपले हवाई दल उभारले तेव्हा पहिली प्रशिक्षण विमाने म्हणून एचटी-२ घेतली. भारतात आरेखित विमानाची ही पहिली निर्यात फारशी गाजली नाही, हे आश्चर्यच.

याच सुमारास त्याच कारखान्यात, परवाना घेऊन, ‘व्हँपायर’ ही जेट विमाने बनू लागली होती. जेट म्हटले की धातू डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात व्हँपायरचा वैमानिक ज्या भागात बसे तो प्लायवूड आणि बाल्साचा होता. पंख आणि शेपटीचे दांडे ॲल्युमिनियमचे. तंतुमय संमिश्राला धातू जोडण्याचा प्रश्न बंगळूरच्या कारागिरांपुढे अशा रीतीने कार्बन तंतूंच्या पुष्कळ आधी आला होता. हवेच्या ओलाव्याने लाकूड फुगते आणि आक्रसते, धातू तापमानाने. दोहोंच्या सीमेवरच्या बोल्टला दोघांचेही हट्ट सोसावे लागतात.

ऑगस्ट १९५६ मध्ये कुर्ट टांक बंगळूरला आले. भारत सरकारला स्वदेशी लढाऊ जेट हवे होते. टांक आणि त्यांच्यासोबतचे मोजके जर्मन तज्ज्ञ एकीकडे, आणि घाटगे यांनी घडविलेले भारतीय आरेखनकार दुसरीकडे, अशा जोडीतून ‘मरुत’ आकाराला आले. ध्वनीच्या वेगाजवळ जाणाऱ्या या विमानाचा आकार तपासण्यासाठी आधी पूर्ण आकाराचे ग्लायडर बांधण्यात आले, आणि ते बांधले लाकडाचे. १९५९ च्या मार्चमध्ये डाकोटा विमानाने ओढून ते हवेत नेले. ७८ उड्डाणांत त्याने आरेखनाची परीक्षा दिली. जर्मनीत लाकडाच्या सांध्यांनी ज्यांचा घात केला त्याच टांक यांच्या आरेखनाला बंगळूरच्या लाकडी सांध्यांनी साथ दिली, हा योग लक्षणीय आहे.

१७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मरुतचे पहिले उड्डाण केले. विमानाचा सांगाडा मजबूत आणि उड्डाणगुण उत्तम, अशी त्याची ख्याती झाली. १९७१ च्या युद्धात त्याने ती सार्थही केली. त्याला हवे तेवढे शक्तिमान इंजिन मात्र कधीच मिळाले नाही. मरुतची कथा सांगताना टांक यांचे नाव मोठ्या अक्षरांत येते. ते योग्यही आहे. परंतु टांक यांना येथे जी तयार माणसे मिळाली ती आकाशातून पडलेली नव्हती. एचटी-२ झाले नसते तर मरुतचा आराखडा समजून घेणारा हात टांक यांना बंगळूरमध्ये शोधावा लागला असता.

दरम्यान घाटगे यांचा चमू लहान विमानांतही रमला होता. उड्डाण क्लबांसाठी ‘पुष्पक’ १९५८ मध्ये आणि भूदलाच्या टेहळणीसाठी ‘कृषक’ १९५९ मध्ये उडाले. पुष्पकमध्ये पुन्हा पोलादी नळ्या आणि कापड आले. स्वस्त, दुरुस्तीला सोपे, कोणत्याही क्लबच्या मिस्त्रीला हाताळता येईल असे ते विमान होते. धातूच्या विमानानंतर कापडाकडे वळणे ही पीछेहाट नव्हती, कारण गिऱ्हाईक वेगळे होते. त्यानंतर ‘किरण’ हे प्रशिक्षणाचे जेट आले. त्याचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले आणि हवाई दलात ते पुढे कित्येक दशके राहिले. १९६५ मध्ये भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली.

त्यांच्या निवृत्तीच्या आसपासच्या काळात जगभर विमानाचा पदार्थच बदलू लागला. कार्बनचे तंतू १९६० च्या दशकात व्यवहारात आले आणि वीस वर्षांत लढाऊ विमानांच्या शेपटीत, मग पंखांत पोहोचले. ॲल्युमिनियमहून हलके आणि ताणाला अधिक बळकट असे हे संमिश्र. मात्र त्याचा स्वभाव धातूचा नाही, लाकडाचा आहे. बैलगाडीच्या तुंब्याचा प्रश्न नव्या वेशात परत आला.

कार्बन संमिश्रात भोक पाडले की भार वाहून नेणारे तंतूच कापले जातात. सारे तंतू एका दिशेने असतील तर भोकाच्या कडेचा ताण तिपटीच्याही बराच वर जातो. पदार्थ लवत नाही, त्यामुळे जादा भार शेजाऱ्याला देण्याची धातूची उदारता येथे नाही. ओळीतल्या टोकाच्या बोल्टावर आलेला अवाजवी भार तेथेच राहतो आणि तेथूनच तडा सुरू होतो. भोक पाडणारे ड्रिल बोथट असेल तर बाहेर पडताना ते शेवटचा थर ढकलून सोडविते. डोळ्यांना न दिसणारी ही इजा पुढे सांध्याचा जीव घेते. भर म्हणजे कार्बनशी ॲल्युमिनियमचा स्पर्श ओलाव्यात झाला तर ॲल्युमिनियम गंजतो. म्हणून बोल्ट महागड्या टायटॅनियमचे लागतात.

यावरचे उपाय मोठ्या कल्पकतेचे आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांत जुन्या सुताराची ओळख पटते. बोल्टच्या परिसरात थर वाढवून जाडी चढविली जाते. तेथील अधिक तंतू पंचेचाळीस अंशांत तिरके घातले जातात. त्यामुळे तो भाग थोडा मऊ होतो आणि भोकाभोवतीचा ताण पसरतो. भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या निदान तिप्पट आत ठेवतात, नाहीतर बोल्टसमोरचा तुकडा तासून निघतो. रुंद वॉशर घालून बोल्ट ठरावीक जोराने पिळला की भोकाच्या कडेचे चिरडू पाहणारे तंतू बाजूने दाबून धरले जातात आणि सांध्याची भार पेलण्याची क्षमता लक्षणीय वाढते. काही ठिकाणी भोकात धातूची नळी बसवितात, काही ठिकाणी थरांमध्ये टायटॅनियमचा पातळ पत्रा घालतात. थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून आरपार शिवण घालण्याचेही प्रयोग झाले आहेत. चिकटविणे आणि बोल्ट मारणे ही दोन्ही एकत्र करणे हा आणखी एक मार्ग. चिकट थर ताठ असल्याने आधी तोच बहुतेक भार घेतो आणि तो सुटू लागला तर बोल्ट मागे उभे असतात. मात्र बोल्ट आणि सरस यांनी भार निम्मानिम्मा वाटून घेतला असे समजणारा अभियंता फसतो.

या बाबतीत मोठ्यांनाही ठेच लागली आहे. वजनाने निम्मे संमिश्र असलेल्या बोइंग ७८७ विमानाचे पहिले उड्डाण जून २००९ मध्ये पुढे ढकलावे लागले, कारण पंख धडाला मिळतो त्या सांध्यापाशी काही छोट्या जागा कमजोर आढळल्या होत्या. तेथे मजबुतीकरण करून विमान उडाले ते १५ डिसेंबरला. अगडबंब विमान, अब्जावधी डॉलर आणि अडकले कोठे, तर पंखाच्या मुळाशी, तळहाताहून लहान जागांवर.

घाटगे यांचे निधन १९९१ मध्ये झाले. एअरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते आणि बंगळूरमध्ये ज्या कारखान्यात त्यांनी काम केले त्याच्या सभागृह-संकुलाला त्यांचे नाव आहे. त्यांच्यामागून दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘हंस’ उडाले. दोन आसने, शिकाऊ वैमानिकांसाठी, उड्डाण क्लबांच्या उपयोगाचे. म्हणजे काम एचटी-२ आणि पुष्पकचेच, पण सारा सांगाडा तंतू आणि रेझिनचा. एचटी-२ च्या अंगावर दिसणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा हंसच्या गुळगुळीत अंगावर दिसत नाहीत.

४ जानेवारी २००१ रोजी ‘तेजस’ने पहिले उड्डाण केले. मरुतनंतर चार दशकांनी भारतात आरेखित झालेले हे लढाऊ विमान. त्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग संमिश्रांचा आहे. सुटे भाग एकेक करून बोल्टांनी जोडण्याऐवजी अनेक भाग एकत्रच भट्टीत पक्के करण्याची पद्धत येथे अवलंबिली गेली. उभी शेपटी सलग एका तुकड्याची झाली. धातूच्या सांगाड्याच्या तुलनेत भागांची संख्या ४० टक्क्यांनी घटली, बोल्ट-रिव्हेट निम्म्यावर आले आणि सुमारे दोन हजार भोके पाडावीच लागली नाहीत. उरलेली भोके पाडावी लागलीच, कारण पंख धडाला कोठेतरी जोडावा लागतो आणि दुरुस्तीसाठी काही झाकणे उघडावी लागतात. त्या प्रत्येक भोकाभोवती थर किती, तंतू कोणत्या कोनात, वॉशर केवढा आणि बोल्ट किती पिळायचा, याचा हिशेब आजही बंगळूरच्या आरेखन कक्षांत स्वतंत्रपणे मांडला जातो.